गव्हर्नराची खतावणी आणि अध्यक्षाची खुर्ची

दुकानाचा मुनीम चोख निघाला म्हणून त्याला पेढीचा मालक करावा काय, हा प्रश्न आमच्या व्यापारी वाचकांस नवा नाहीं. तो स्वभावानेंच चोख होता, कीं मालक रोज संध्याकाळीं रोजमेळ तपासून पाहात असे म्हणून चोख होता, याचा उलगडा मालकाची नजर दूर झाल्यावरच होतो. आणि तोंपर्यंत किल्ल्या त्याच्या कमरेला गेलेल्या असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच प्रश्न दर चार वर्षांनीं साऱ्या राष्ट्रापुढें येऊन उभा राहतो. एखाद्या राज्याचा गव्हर्नर उठतो, आपल्या कारकीर्दींतील अंदाजपत्रकें लोकांपुढें मांडतो, आणि राज्याच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी केली तशी राष्ट्राचीही करून दाखवीन असें वचन देतो. १९७६ पासून २००४ पर्यंत अध्यक्षपदाच्या ज्या आठ निवडणुका झाल्या त्यांपैकीं सात अशाच पुरुषांनीं जिंकल्या. कार्टर, रेगन, क्लिंटन आणि धाकटे बुश हे चौघेही गव्हर्नराच्या खुर्चीवरून अध्यक्षाच्या खुर्चीकडे गेले. तेव्हां हें वचन किती तोलाचें असतें, याची छाननी करणें म्हणजे परदेशची गंमत पाहणें नव्हे.

आरंभीं एक खुलासा करावयास हवा. आमच्याकडील राज्यपाल राष्ट्रपतींच्या हुकमानें नेमला जातो आणि राज्याच्या अंदाजपत्रकाशीं त्याचा संबंध बहुतांशीं सहीपुरता असतो. अमेरिकेंतील गव्हर्नर हा लोकांच्या मतांनीं निवडलेला राज्याचा मुख्य कारभारी होय. त्याची तुलना आमच्या मुख्यमंत्र्याशीं केल्यास अधिक शोभेल. अंदाजपत्रक तो तयार करतो, कायदेमंडळ तें फिरवितें, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मंडळानें मंजूर केलेली एखादी रक्कम निळ्या पेन्सिलीनें कमी करण्याचा किंवा साफ खोडण्याचा अधिकारही त्याला असतो. ही निळी पेन्सिल वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

उदाहरणादाखल आम्ही रोनाल्ड रेगन यांची कारकीर्द घेतों. ती घेण्याचें कारण असें कीं, दोन्ही वह्या आतां पुऱ्या झालेल्या आहेत. १९६७ च्या जानेवारीपासून १९७५ च्या जानेवारीपर्यंत ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते आणि १९८१ पासून १९८९ पर्यंत राष्ट्राचे अध्यक्ष. आठ वर्षें येथें, आठ वर्षें तेथें. असा समतोल मुकाबला क्वचितच सांपडतो. शिवाय ते २००४ सालीं निवर्तले, त्यामुळें त्यांच्याविषयीं बोलतांना कोणा उमेदवाराचा झेंडा आमच्या खांद्यावर आहे असा संशय घेण्यास जागा नाहीं.

रेगन हे मूळचे सिनेमांतील नट. राज्यकारभाराचा अनुभव शून्य. १९६६ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं एडमंड ब्राउन या मुरलेल्या गव्हर्नराचा सुमारें दहा लाख मतांनीं पराभव केला. सरकार फार खर्चिक झालें आहे, तें कमी करावयाचें आणि करदात्याच्या पाठीवरील ओझें उतरावयाचें, एवढाच त्यांचा सांगावा होता. ब्राउन यांच्या आठ वर्षांत राज्य झपाट्यानें वाढलें होतें. कालवे, हमरस्ते, विद्यापीठें यांवर पैसा पाण्यासारखा गेला होता, आणि तो वायां गेला असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. कॅलिफोर्नियाची पुढील सुबत्ता पुष्कळशी त्याच खर्चावर उभी राहिली. परंतु शेवटच्या वर्षीं ब्राउन यांनीं जें केलें तें व्यापाऱ्याच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखें आहे. खर्च जमेपुढें गेला होता, आणि निवडणुकीच्या वर्षीं कर वाढवावा तर मतें जाणार. म्हणून हिशेबाची रीतच बदलण्यांत आली. पूर्वीं जो कर प्रत्यक्ष तिजोरींत पडे तेवढाच जमेस धरीत. आतां जो कर देणें झाला तो, वसूल व्हावयाचा असला तरी, जमेस धरूं लागले. या एका फेरफारानें बारा महिन्यांच्या खर्चासमोर पंधरा महिन्यांची जमा मांडतां आली! ज्या वाचकानें उधारीचा धंदा केला आहे त्याला यांतली मेख समजावून सांगणें नलगे. ती रीत स्वतः खोटी नाहीं; पुष्कळ मोठ्या पेढ्या तीच पाळतात. खोटेपणा असतो तो फक्त बदलाच्या वर्षाचा, कारण तीन महिन्यांची वरकड जमा एकदांच हातीं लागते आणि खर्च मात्र दरसाल दाराशीं येऊन बसतो.

तेव्हां रेगन खुर्चीवर बसले ते भरल्या तिजोरीवर बसले नाहींत. नव्या गव्हर्नराला पहिलें अंदाजपत्रक जानेवारींतच सादर करावें लागतें. म्हणजे कारभार समजून घेण्यास सवड नाहीं आणि तूट तर समोर वासून उभी. त्यांनीं पहिला हुकूम सोडला तो असा कीं, सर्व खात्यांचा खर्च सरसकट शेंकडा दहा कापावा आणि नवी नोकरभरती बंद ठेवावी. ऐकावयास हा हुकूम मोठा करारी वाटतो. प्रत्यक्षांत ज्या खात्यानें आधींच काटकसर केली होती त्याच्यावर जेवढी कात्री, तेवढीच उधळ्या खात्यावर. म्हणजे काटकसर केली हाच गुन्हा ठरला. शिवाय राज्याच्या खर्चाचा फार मोठा भाग शाळांसाठीं, निवृत्तिवेतनांसाठीं आणि केंद्राच्या पैशाच्या जोडीला द्यावयाच्या रकमांसाठीं कायद्यानेंच बांधलेला होता. त्याला गव्हर्नराची कात्री लागूच होत नव्हती. उरलें काय, तर विद्यापीठ आणि मनोरुग्णालयें.

येथें आम्ही थोडें थांबतों. कारण अंदाजपत्रकांतील आंकडे वाचतांना ज्यांच्या अंगावर तो आंकडा पडतो त्यांची आठवण फार थोड्यांना राहते. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत राज्यांतील विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी न घेण्याची जुनी परंपरा होती. ती मोडण्याची सूचना आली तेव्हां हजारों विद्यार्थी राजधानीवर चालून गेले. परंपरा उघडपणें मोडली नाहीं. १९७० सालीं 'शैक्षणिक शुल्क' या नांवानें पैसे घेणें सुरू झालें. नांव निराळें, खिसा तोच. मनोरुग्णांची गोष्ट याहून कठीण. १९६७ सालीं त्यांच्या रुग्णालयांतील तीन हजारांहून अधिक जागा कमी करण्याचें ठरलें. सबब अशी कीं रुग्ण कमी झाले आहेत. आणि रुग्ण कमी होत होते हें खरेंच होतें, कारण नवीं औषधें निघालीं होतीं व रुग्णांना कोंडून ठेवण्यापेक्षां घराजवळ उपचार द्यावे हें मत सर्व पक्षांत मान्य होऊं लागलें होतें. त्याच सालीं दोन्ही पक्षांच्या संमतीनें तसा कायदाही झाला. परंतु घराजवळचे दवाखाने चालविण्याचा भार ज्या जिल्ह्यांवर पडला त्यांच्याकडे पुरेसा पैसा गेला नाहीं. रुग्णालयाचें दार उघडलें. पलीकडचें दार बांधावयाचें राहूनच गेलें. राज्याच्या वहींत ही बचत म्हणून नोंदली गेली. ती खरी बचत कीं दुसऱ्याच्या वहींत ढकललेलें देणें, हें ठरविण्यासाठीं दोन्ही वह्या उघडाव्या लागतात, आणि दुसरी वही बहुधा कोणी उघडीत नाहीं.

सरसकट कात्रीनें तूट भरून निघेना. तेव्हां कर कमी करण्याचें वचन देऊन निवडून आलेल्या या गव्हर्नरानें १९६७ सालींच सुमारें १०० कोटी डॉलरांची करवाढ सहीनिशीं मंजूर केली. अमेरिकेंतील कोणत्याही राज्यानें तोंपर्यंत केलेली ही सर्वांत मोठी करवाढ होती. राज्याचा विक्रीकर शेंकडा ३ चा ४ झाला. प्राप्तीवरील कराचा वरचा दर शेंकडा ७ वरून १० वर गेला. कंपन्यांवरील कर वाढला. सिगारेटच्या पाकिटावरील पट्टी ३ सेंटांची १० सेंट झाली. विशेष असें कीं, या करवाढीचा बराच भार श्रीमंतांवर व कंपन्यांवर पडला, आणि ती ठरविली गेली विरोधी पक्षाचे सभापति जेसी उनरू यांच्याशीं बसून. रेगन यांच्या अनुयायांस ही गोष्ट सांगावयाची लाज वाटे, आणि विरोधक ती सांगतांना वचनभंगाचा डंका वाजवीत. आमचें मत या दोघांहून निराळें आहे. सोळा वर्षांच्या दोन्ही कारकीर्दींत हिशेबाच्या दृष्टीनें सर्वांत प्रामाणिक कृत्य कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही याच करवाढीकडे बोट दाखवूं. मागच्याची तूट कागदावर लपविण्याची युक्ति त्यांच्यापुढें तयार होती. ती न वापरतां त्यांनीं लोकांकडे पैसा मागितला आणि भोंक बुजविलें. पुढें तिजोरींत शिल्लक पडली तेव्हां कांहीं रक्कम करदात्यांस सूट म्हणून परतही केली.

दुसरी गोष्ट करवसुलीची. पगारांतून दरमहा आयकर कापून घेण्याची जी रीत आमच्याकडील प्रत्येक नोकरदारास ठाऊक आहे ती त्या वेळीं कॅलिफोर्नियांत नव्हती. लोक वर्षाकांठीं एप्रिलांत एकदम कर भरीत. त्यामुळें हिंवाळ्यांत राज्याची तिजोरी कोरडी पडे आणि वसंतांत भरून वाहे. खात्याचे जाणते अधिकारी दरमहा कपात सुरू करा म्हणून सांगत. रेगन यांचें म्हणणें असें कीं, कर देतांना माणसाला दुखलें पाहिजे. हळूहळू कापून घेतला तर तो दुखत नाहीं आणि मग सरकार माजतें. या प्रश्नावर आपले पाय काँक्रीटमध्यें रोवलेले आहेत असें ते म्हणत. अखेर राज्याची रोकड फारच अडली तेव्हां १९७१ सालीं त्यांनीं ती रीत मान्य केली, आणि वार्ताहरांस हंसत सांगितलें कीं, तुम्हांस जो आवाज ऐकूं येत आहे तो माझ्या पायांभोंवतींचें काँक्रीट फुटण्याचा आहे. आम्हांस हा विनोद आवडतो. हट्ट चुकीचा ठरला हें चारचौघांत हंसून कबूल करणारा कारभारी शंभरांत एखादाच. परंतु चार वर्षें जाणत्यांचा सल्ला बाजूस सारला गेला तो तत्त्वासाठीं कीं टाळ्यांसाठीं, हेंही विचारलें पाहिजे.

त्याच वर्षीं निराधार कुटुंबांस मिळणाऱ्या मदतीचा कायदा सुधारला गेला. नवे सभापति बॉब मोरेट्टी यांच्याशीं कित्येक दिवस समोरासमोर बसून तो घडविला. पात्रतेचे नियम कडक केले, आणि जीं कुटुंबें यादींत राहिलीं त्यांची मदत वाढविली. यादी पुढें खालीं आली. ती कायद्यामुळें, कीं रोजगार सुधारल्यामुळें, कीं जन्मच कमी झाल्यामुळें, याविषयीं पंडितांचे वाद झाले. आमच्या मतें तिन्ही कारणें होतीं. महत्त्वाचें तें दुसरेंच. गरिबांना शिव्या देऊन निवडणूक जिंकणारे पुष्कळ असतात. शिव्या आवरून विरोधकाशीं कलमवार वाटाघाट करणारे थोडे. पुढील वर्षीं विक्रीकर वाढवून घरपट्टींत सूट व शाळांस पैसा देण्याचा जो कायदा झाला तोही असाच देवघेवीचा होता.

जेथें वाटाघाट टाळून त्यांनीं थेट लोकांस हांक मारली तेथें मात्र ते आपटले. १९७३ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं खास मतदान घेऊन राज्याचा खर्च लोकांच्या उत्पन्नाच्या ठराविक हिश्शापुढें जाऊं नये असें कलम घटनेंत घालण्याचा प्रयत्न केला. मसुदा लांबलचक व किचकट होता. सामान्य मतदारास तो समजेल काय, असें एका मुलाखतींत विचारलें तेव्हां, त्यानें समजून घेण्याच्या भरीस पडूं नये, मलाही तो समजत नाहीं, असें उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेलें! विरोधकांनीं तें वाक्य घरोघर पोंचविलें. शेंकडा ५४ मतें विरुद्ध पडलीं.

आठ वर्षांची बेरीज काय? ते आले तेव्हां राज्याचें अंदाजपत्रक सुमारें ४६० कोटी डॉलरांचें होतें. गेले तेव्हां १,०२० कोटींचें. सरकार लहान करणार होते तें दुपटीहून मोठें झालें. यांत महागाईचा वांटा वजा केला पाहिजे, कारण त्या काळांत भाव सुमारें दीडपट झाले, लोकवस्तीही वाढली. विद्यापीठांवर आरंभीं कात्री चालविणाऱ्या या गव्हर्नराच्या हातून अखेर उच्च शिक्षणावरील खर्चही दुपटीहून अधिक झाला. तिजोरींत मात्र शिल्लक ठेवून ते गेले, आणि ती शिल्लक ज्यांच्या हातीं पडली ते नवे गव्हर्नर म्हणजे ब्राउन यांचेच चिरंजीव, जे काटकसरींत रेगन यांच्याही पुढें गेले. बापानें तूट द्यावी, प्रतिस्पर्ध्यानें ती भरावी आणि शिल्लक मुलाच्या हातीं यावी, असा हा चमत्कारिक फेरा. कोणत्या गव्हर्नराच्या कोणत्या वर्षाचें श्रेय कोणाला द्यावयाचें हें त्यावरून किती बिकट आहे तें दिसेल.

आतां मुख्य मुद्दा. आपण आठही वर्षें अंदाजपत्रक समतोल ठेवलें हें रेगन यांनीं राष्ट्राला वारंवार सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. परंतु तें न ठेवण्याची मोकळीक त्यांना होती कोठें? कॅलिफोर्नियाची घटना सांगते कीं, खर्च जमेहून अधिक होत असेल तर पैसा कोठून आणावयाचा हें गव्हर्नरानें अंदाजपत्रकाबरोबरच सांगितलें पाहिजे. तीच घटना सांगते कीं, लोकांचें मत घेतल्यावांचून राज्यानें ३ लाख डॉलरांहून अधिक कर्ज काढूं नये. एवढ्या प्रचंड राज्याला ३ लाख! शिवाय त्या काळीं अंदाजपत्रक मंजूर होण्यास कायदेमंडळाचीं दोनतृतीयांश मतें लागत, म्हणजे विरोधी पक्षाच्या हाताशिवाय पान हलत नसे. सदर मुनिमाच्या मागें असा कडक मालक रोज संध्याकाळीं उभा होता. त्यानें रोजमेळ जुळविला याबद्दल त्याला शाबासकी द्यावी. पण ती जुळविण्याच्या रीतीबद्दल द्यावी. जुळला एवढ्याबद्दल नव्हे.

राष्ट्राध्यक्षावर असें कसलेंही बंधन नाहीं. त्याला कर्ज काढतां येतें, आणि त्या कर्जाच्या रोख्यांना साऱ्या जगांत गिऱ्हाईक मिळतें. आणि नवल असें कीं, बंधन नाहीं तसें हत्यारही नाहीं: ती निळी पेन्सिल अध्यक्षाच्या टेबलावर नसते. सबंध कायदा स्वीकारा किंवा सबंध नाकारा, एवढेंच त्याच्या हातीं. रेगन यांनीं ती मिळावी म्हणून काँग्रेसला पुन्हां पुन्हां विनविलें. पुढें १९९६ सालीं क्लिंटन यांना ती कायद्यानें मिळाली तीही सर्वोच्च न्यायालयानें १९९८ त काढून घेतली.

या फरकाची चाहूल १९७५ सालींच लागली होती. गव्हर्नरपद सोडल्यावर रेगन यांनीं शिकागो येथें एक भाषण केलें आणि केंद्राचीं ९,००० कोटी डॉलरांचीं कामें राज्यांकडे सोंपवून केंद्राचें अंदाजपत्रक तितकें उतरवावें अशी सूचना केली. न्यू हॅम्पशायर नांवाच्या चिमुकल्या राज्यांत, जेथें ना पगारावर राज्याचा आयकर ना सर्वसाधारण विक्रीकर, तेथील लोकांनीं साधा प्रश्न विचारला: हीं कामें आमच्या अंगावर आलीं तर पैसा कोणी द्यावयाचा? स्वतः राज्य चालविलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर जिभेच्या टोंकावर हवें होतें. तें नव्हतें. १९७६ च्या फेब्रुवारींत तेथील पक्षांतर्गत निवडणूक ते फोर्ड यांच्याविरुद्ध थोडक्या मतांनीं हरले, आणि त्या वर्षींची उमेदवारीही त्यांच्या हातून गेली. मनोरुग्णालयांची जी बचत दुसऱ्याच्या वहींत ढकलली गेली होती, तीच तऱ्हा आतां राष्ट्राच्या मापानें मांडली गेली, असें आम्हांस वाटतें.

१९८० सालीं मात्र ते निवडून आले. पहिल्याच वर्षीं प्राप्तीवरील कराचे दर तीन वर्षांत मिळून सुमारें शेंकडा २३ नीं उतरविण्याचा कायदा झाला. लष्कराचा खर्च वाढविला गेला. आणि १९८४ पर्यंत तोंडमिळवणी होईल असें सांगण्यांत आलें. हे आंकडे मांडणारे तरुण अधिकारी डेव्हिड स्टॉकमन यांनीं त्याच वर्षाअखेर एका मासिकाच्या लेखकापाशीं कबूल केलें कीं, आंकड्यांत काय चाललें आहे तें आम्हांपैकीं कोणासच नीट कळत नाहीं. १९८३ सालीं तूट २०,८०० कोटी डॉलर झाली. १९८६ सालीं २२,१०० कोटी. राष्ट्राचें एकूण कर्ज १९८१ च्या सप्टेंबरअखेर सुमारें १ लाख कोटी डॉलर होतें, तें १९८८ च्या सप्टेंबरअखेर २ लाख ६० हजार कोटींवर गेलें. आठ वर्षांत एकही साल समतोल गेलें नाहीं. आणि लष्करी खर्चाची थैली ज्यांच्या हातीं होती ते कॅस्पर वाइनबर्गर कोण? १९६८ पासून कॅलिफोर्नियाचा खजिना संभाळणारे, आणि पुढें वॉशिंग्टनांत खर्चावर चाकू चालविणारे म्हणून नांवाजलेले तेच गृहस्थ. माणूस तोच, मालकही तोच. बदललें होतें तें फक्त पेढीचें कलम.

न्यायासाठीं इतकें सांगितलें पाहिजे कीं, काँग्रेसचें एक सभागृह सर्व काळ विरोधी पक्षाच्या हातांत होतें, १९८१-८२ ची मंदी कडक होती, आणि शेंकडा तेराच्या वर गेलेली महागाई याच काळांत उतरली. समतोल अंदाजपत्रकाची सक्ती घटनेंतच असावी अशी दुरुस्ती रेगन यांनीं १९८२ सालीं पुढें केली. सेनेटनें ती मंजूर केली, खालच्या सभागृहांत दोनतृतीयांश मतें पडलीं नाहींत. जें बंधन राज्यांत त्यांच्या अंगावर होतें तें राष्ट्रांतही असावें असें त्यांनाच वाटत होतें. मात्र तें येईपर्यंत स्वतः होऊन पाळावें असें वाटलें नाहीं.

तर मग गव्हर्नराच्या वहीवरून अध्यक्षाविषयीं कांहींच कळत नाहीं काय? कळतें, पण तें बेरजेच्या ओळींत नसतें. १९६७ त उनरू यांच्याशीं आणि १९७१ त मोरेट्टी यांच्याशीं तडजोड करणारे रेगन १९८२ सालीं पुन्हां करवाढीवर सही करतांना दिसतात, १९८३ सालीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा फंड बुडूं नये म्हणून विरोधकांबरोबर बसतांना दिसतात, आणि १९८६ सालीं दोन्ही पक्षांच्या मतांनीं करांची सबंध घडी बदलतांना दिसतात. स्वभाव सोबत गेला. सभेंत तत्त्व टिपेला न्यावयाचें आणि बैठकींत अर्ध्यावर यावयाचें, ही त्यांची जन्माची रीत. ती सॅक्रामेंटोंत ज्यानें पाहिली त्याला वॉशिंग्टनांत नवल वाटलें नसेल. सोबत गेली नाहीं ती घटनेची सक्ती. म्हणून कारभारास लायक कीं नालायक एवढाच प्रश्न असता तर पहिली वही पाहून १९८० सालीं आम्हीं त्यांस लायक म्हटलें असतें. काटकसरी म्हटलें नसतें.

इतरांच्या वह्याही हेंच बोलतात. फ्रँकलिन रूझवेल्ट न्यू यॉर्कचे गव्हर्नर असतांना १९३२ च्या ऑक्टोबरांत पिट्सबर्ग येथें केंद्राचा खर्च शेंकडा २५ नीं कमी करण्याचें वचन देऊन गेले. पुढें त्यांनीं त्याच्या नेमकें उलट केलें, आणि त्यांतच राष्ट्राचें पुष्कळ भलें झालें. कार्टर यांनीं जॉर्जियांत प्रत्येक खात्यानें आपला खर्च दरसाल शून्यापासून सिद्ध करावा अशी पद्धत घातली. तीच १९७७ सालीं वॉशिंग्टनला नेली, तेथें कागदांचे ढीग वाढले आणि १९८१ त ती मोडीत निघाली. मॅसॅच्युसेट्सचे डुकाकिस १९८८ सालीं आपल्या राज्याच्या भरभराटीवर मतें मागत होते. निवडणूक हरले, आणि पाठोपाठ राज्य अशा तुटींत सांपडलें कीं बाजारांतील त्याची पतच घसरली. त्यांच्या विरोधकांना तेव्हां फार आनंद झाला. पण निवडणूक जिंकली असती तर ती तूट कोणा बिचाऱ्या वारसाच्या नांवावर लागली असती एवढाच फरक. उलट क्लिंटन यांच्या आर्कान्सा राज्यांत १९४५ सालापासूनचा असा कायदा आहे कीं, खर्चाच्या बाबी निकडीप्रमाणें लावावयाच्या आणि पैसा येईल तेवढ्याच वरून खालीं भागवावयाच्या. तेथील बारा वर्षांत तूट नव्हती यांत त्यांची शिकस्त ती काय? परंतु अध्यक्ष झाल्यावर १९९८ पासून राष्ट्राच्या अंदाजपत्रकांत चार सालें शिल्लक पडली, आणि तीही सक्ती नसतांना. तिचें मोठें श्रेय तेजीच्या बाजाराला आहे. तरी १९९३ सालीं एकेका मतासाठीं झुंजून जी करवाढ त्यांनीं मंजूर करून घेतली तिलाही आहे.

आमच्याकडेही राज्यांतून दिल्लीस जाण्याची वाट जुनीच आहे. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, ते १९५६ त दिल्लीस गेले, १९५८ सालीं अर्थमंत्री झाले आणि त्यांनीं दहा अंदाजपत्रकें मांडलीं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ते १९७० पासून १९७४ पर्यंत अर्थमंत्री होते. आमच्या राज्यांवरही एक मालक उभा आहे: केंद्राचें कर्ज शिल्लक असेल तर केंद्राच्या संमतीवांचून राज्याला नवें कर्ज काढतां येत नाहीं, असें घटनेचें २९३ वें कलम सांगतें. तें टाळण्यासाठीं महामंडळांच्या नांवानें कर्ज काढावयाचें आणि हमी मात्र राज्यानें द्यावयाची, ही पळवाट आमच्या कारभाऱ्यांस ब्राउन यांच्या पंधरा महिन्यांच्या जमेइतकीच परिचयाची आहे. उद्यां एखादा मुख्यमंत्री आपल्या राज्याच्या शिलकीचा कागद दाखवून दिल्लीची वाट मागूं लागला, तर व्यापारी वाचकांनीं त्याला शिलकीचा आंकडा न विचारतां आधीं हमीच्या कागदांची यादी मागावी, आणि जिल्हापरिषदा व नगरपालिका यांचीं थकलेलीं येणीं किती तें पाहावें. दुसरी वही ती हीच.

रेगन वॉशिंग्टनांत आठ वर्षें राहिले. तेवढ्या काळांत राष्ट्राचें कर्ज अडीचपटीहून अधिक झालें. तिकडे कॅलिफोर्नियाच्या घटनेंतील तें ३ लाख डॉलरांचें कलम जसेंच्या तसें होतें. आजही तें तेथेंच आहे.